स्कायलाईट गळतंय? सिलिकॉनची ट्यूब उघडायच्या आधी हे वाचा

स्कायलाईटमधून, म्हणजे छतात बसवलेल्या उजेडाच्या खिडकीतून, पाणी ठिपकायला लागलं की बहुतेक घरांत एकच उपाय होतो, कोणीतरी वर चढतं आणि काचेच्या चारी बाजूंना सिलिकॉन फासून खाली येतं. एकदोन पाऊस बरे जातात, मग पुन्हा थेंब, पुन्हा सिलिकॉन, आणि असं करत करत फ्रेमभोवती इतके थर साचतात की पाणी मुळात येतंय कुठून हे शोधणंच अवघड होऊन बसतं. छतावरचं पाणी चिकटपट्ट्यांनी थांबत नाही, त्याला खाली जायला वाट लागते, आणि ती वाट मिळाली की ते घरात येत नाही. नीट बसवलेलं स्कायलाईट कोरडं राहतं ते सीलंटमुळे नाही, तर थर एकमेकांवर बरोबर चढवलेले असतात म्हणून, वरचा थर खालच्याच्या अंगावर, कौलं लावतात तसं. सीलंट हवंच, पण ते दुसरी फळी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी शोधाशोध सोपी होते, कारण मग प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा असतो, इथे आलेलं पाणी पुढे कुठे जातंय?

पाऊस चालू असताना काय करायचं

पाऊस पडतोय आणि पाणी येतंय तेव्हा वर चढू नका. ओलं छत घसरडं असतं आणि भर पावसात लावलेलं कुठलंच सीलंट धरत नाही. आत बादली ठेवा, स्कायलाईटजवळ लाईट किंवा पंखा असेल तर त्याचा मेन बंद करा. फॉल्स सीलिंग फुगून खाली आलेलं दिसत असेल तर त्याच्या सगळ्यात खोल जागी स्क्रूड्रायव्हरने एक छोटं भोक पाडा आणि खाली बादली धरा, नाहीतर साचलेल्या पाण्याच्या वजनाने अख्खा तुकडाच खाली येतो.

आणि या वेळेचा खरा उपयोग करून घ्या, कारण गळती जेवढी माहिती देते तेवढी कोरडं छत देत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढा. पहिला थेंब फ्रेमच्या कुठल्या बाजूला दिसला, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने दिसला, वारा कुठल्या दिशेचा होता, पाऊस थांबल्यावर ठिपकणं लगेच थांबलं का तासन्‌तास चालू राहिलं, हे सगळं लिहून ठेवा. पाऊस आला की पाच-दहा मिनिटांत थेंब पडत असेल तर पाण्याला सरळ रस्ता आहे, म्हणजे बहुतेक काचेच्या कडेचं रबर, तडकलेली काच किंवा उघडं स्क्रूचं भोक. तासा-दोन तासांनी येत असेल तर पाणी कौलांखाली नाहीतर स्लॅबमध्ये झिरपून फिरत फिरत येतंय. एकाच दिशेचा वारा असला की गळतं आणि एरवी मुसळधार पावसातही कोरडं राहतं, तर फ्रेमभोवतीच्या पत्र्याचा कुठलातरी जोड कमी चढवलेला आहे आणि वारा पाणी उलटं वर ढकलतोय. पाऊस संपून बराच वेळ झाला तरी ठिपकतंय म्हणजे वर कुठेतरी पाणी साचून राहिलंय.

हे नक्की पावसाचंच पाणी आहे ना?

हा प्रश्न विचारला नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. थंडीच्या दिवसांत किंवा एसी चालू असलेल्या खोलीत काचेवर जमणारं पाणी अगदी गळतीसारखंच दिसतं. खोलीतली हवा २५ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर काचेचं तापमान साधारण १७ अंशांच्या खाली गेलं की तिच्यावर दव धरायला लागतं, आणि रात्री उघड्या आकाशाखाली असलेली एकेरी काच एवढी थंड सहज होते. बाथरूम आणि स्वयंपाकघरावरच्या स्कायलाईटमध्ये तर वाफ सतत वरच जात असते.

ओळखायचं कसं? दवाचं पाणी पूर्ण काचेवर बारीक थेंबांसारखं पसरलेलं असतं, मग खालच्या कडेला ओघळून जमतं, आणि ते पहाटे किंवा आंघोळीनंतर जास्त दिसतं, पाऊस असो नसो. गळतीचं पाणी एका कोपऱ्यातून, एका रेघेत येतं आणि त्याचा बहुतेक वेळा पिवळा-तपकिरी डाग राहतो कारण ते लाकूड, माती, जुनं प्लास्टर धुवून आणत असतं. शंका असेल तर काच आणि फ्रेम आतून पूर्ण पुसून कोरडी करा, कडेने टिश्यू पेपरच्या पट्ट्या खोचा आणि पाऊस नसलेल्या दोनतीन रात्री बघा. पाऊस नसताना पट्ट्या ओल्या झाल्या तर वर चढून काही उपयोग नाही, एक्झॉस्ट फॅन लावा, खिडकी उघडी ठेवत जा, स्कायलाईटच्या खालचा बोगदा असेल तर त्याच्या भिंतींना इन्सुलेशन करा, आणि एकेरी काच असेल तर पुढेमागे डबल ग्लेझिंगचा, म्हणजे दुहेरी काचेचा, विचार करा.

तिसरा एक प्रकार आहे. डबल काचेच्या मधोमध, म्हणजे जिथे हात पोचत नाही तिथे धुरकटपणा किंवा थेंब दिसतात. ही छताची गळती नाहीच, त्या दोन काचांच्या कडेचं सील गेलंय आणि दमट हवा आत शिरलीये. बाहेरून कितीही सिलिकॉन लावलं तरी ते जात नाही. काचेचा तो जोडसंच बदलावा लागतो, मात्र फ्रेम चांगली असेल तर नुसती काच बदलून भागतं.

आतून तपासणी

टॉर्च तिरका धरून स्कायलाईटच्या चारी बाजू बघा. डाग वरच्या बाजूला, म्हणजे उताराच्या चढाकडच्या कडेला असेल तर संशय वरच्या फ्लॅशिंगवर (फ्रेम आणि छत यांच्यामधले वाकवलेले पत्रे), वर अडकलेल्या पालापाचोळ्यावर, किंवा त्याहून वरच्या छतावर. बाजूच्या मध्यावर असेल तर बाजूचे पत्रे. फक्त खालच्या कडेला असेल तर काचेचं रबर, नाहीतर फ्रेमची पाणी बाहेर सोडणारी भोकं बुजलेली असणार, पण लक्षात ठेवा, वरून आलेलं पाणीही फ्रेमच्या मागून सरकत खालच्या कोपऱ्यात येऊनच पडतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा म्हणजे गळतीची जागा असं धरून चालू नका. पाणी वाशावरून, पाईपवरून, स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागावरून एक-दोन मीटर सहज चालत जातं. वर माळा असेल आणि आत जाता येत असेल तर तिथून बघणं सगळ्यात उत्तम, कारण लाकडावर पाण्याची काळी रेघ उमटलेली असते आणि ती रेघ धरून वर वर जात राहिलं की आत शिरायची जागा सापडते.

लाकडी चौकट असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघा. टोक सहज आत रुतलं तर लाकूड कुजलंय आणि नुसतं पाणी थांबवून भागणार नाही, तेवढा भाग बदलायला लागेल. ओलावा मोजायचा मीटर मिळाला तर चांगलंच, लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो.

वर चढण्याआधी

इथे मला जरा कडकच बोलायचंय. स्कायलाईटवर पाय द्यायचा नाही, बसायचं नाही, टेकायचं नाही, काच कितीही जाड वाटली तरी. ते छतातलं भोकच आहे असं समजून वागायचं. जुने फायबर आणि प्लास्टिकचे पत्रे उन्हाने इतके ठिसूळ होतात की एका पावलात तुटतात, आणि त्यांच्यावर धूळ-शेवाळ बसलं की ते आजूबाजूच्या पत्र्यापासून वेगळे ओळखूही येत नाहीत. अशातून पडून माणसं दगावतात. चढायची शिडी घट्ट जमिनीवर, उंचीच्या एक चतुर्थांश अंतर पाया बाहेर, म्हणजे ४ मीटर उंचीला १ मीटर, आणि शिडीचं टोक छताच्या कडेच्या वर निदान ९० सेंमी आलेलं हवं. खाली एक माणूस हवाच. उतार जास्त असेल, कौलं शेवाळलेली असतील, सेफ्टी बेल्ट बांधायला भक्कम जागा नसेल तर हे काम सवयीच्या माणसाला द्या आणि तुम्ही आतून लक्ष ठेवा, तेही अर्धं काम आहे. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते घासू नका, कापू नका, त्यात ड्रिल मारू नका.

वरून काय बघायचं

सगळ्यात आधी चढाकडची बाजू. स्कायलाईट हा उतारावरचा अडथळा असतो, पाणी वरून येतं, त्याला अडतं आणि दोन बाजूंनी वळून खाली जातं. तिथे पानं, काड्या, मातीचा चिखल साचला की छोटं धरणच तयार होतं, पाणी तुंबून फ्लॅशिंगच्या वरून किंवा कौलाखालून आत शिरतं. कित्येक गळत्या हा कचरा काढला की तिथल्या तिथे बंद होतात, म्हणून कुठलीही दुरुस्ती करण्याआधी हे साफ करा, बाजूच्या पन्हाळी मोकळ्या करा आणि मग एक पाऊस वाट बघा. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी असंच धरण बर्फाचं होतं.

मग फ्लॅशिंगचे पत्रे. गंज, भोकं, उचकलेल्या कडा, निघालेले खिळे, आणि मुख्य म्हणजे कोण कोणाच्या वर आहे ते बघा. खालचा पत्रा खालच्या कौलांच्या वर यायला हवा, बाजूचे पत्रे त्या खालच्या पत्र्याच्या वर चढलेले हवेत, वरचा पत्रा बाजूच्यांच्या वर, आणि तो स्वतः त्याच्याही वरच्या कौलांच्या खाली गेलेला हवा. यातला एक जरी क्रम उलटा असेल तर पाणी त्या जोडात घुसणारच, आणि तिथे आधीच्या कोणीतरी डांबर किंवा सिलिकॉनचा गोळा थापलेला दिसेल, तो गोळाच तुम्हाला जागा दाखवतो.

त्यानंतर काचेच्या कडेचं रबर किंवा बीडिंग. बोटाने दाबा. कडक झालंय, आकसून कोपऱ्यात फट पडलीये, भेगा पडल्यात, तर ते गेलंय. उघडणारं स्कायलाईट असेल तर झडपेचं रबर चपटं होऊन बसलंय का ते बघा, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सैल आहेत का.

आता ती भोकं. अनेक फ्रेमच्या खालच्या पट्टीत बारीक भोकं किंवा खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, रबरातून थोडंफार आत आलेलं पाणी आणि आतलं दव बाहेर सोडायला. ती धुळीने, मुंग्यांच्या मातीने बुजतात आणि पाणी फ्रेममध्ये साचून आत सांडतं. त्याहून वाईट म्हणजे गळती बंद करायच्या नादात लोक नेमकी हीच भोकं सिलिकॉनने भरून टाकतात. खालच्या कडेला असं काही दिसलं तर सिलिकॉन कापून काढा, बारीक तारेने किंवा ब्रशने भोकं साफ करा, आतून थोडं पाणी ओता आणि ते बाहेर निघतंय का बघा.

पाईपने टेस्ट

बघून कळलं नाही तर ही टेस्ट करा, आणि घाई केली तर ती बिनकामाची ठरते. छत पूर्ण कोरडं असताना करायची. एक जण आत टॉर्च आणि फोन घेऊन, एक जण वर साधा पाईप घेऊन. जोराचा फवारा मारायचा नाही, प्रेशर वॉशर तर अजिबात नाही, कारण त्या जोराने चांगल्या जोडातूनही पाणी आत जातं. पाणी फक्त वाहू द्यायचं.

सुरुवात खालून. आधी स्कायलाईटच्या खालच्या छतावर पाणी सोडा, १०-१५ मिनिटं. आत काही नाही? मग फ्रेमची खालची कड. मग एक बाजू, मग दुसरी बाजू, मग वरची कड, आणि शेवटी स्कायलाईटच्या वरचं छत, दर वेळी तेवढाच वेळ. खालून वर जायचं कारण सरळ आहे, वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून वाहत जातं आणि थेंब दिसला तरी तो कुठल्या जोडाचा हे कळत नाही. आतल्या माणसाने थेंब दिसल्याबरोबर हाक मारायची, पाणी लगेच बंद, त्या जागी खडूने खूण. स्लॅबवर किंवा दुहेरी थराच्या छतावर पाणी पोचायला अर्धा तासही लागतो, तेव्हा टप्प्यांमधला वेळ वाढवा.

खालच्या कडेला किंवा बाजूला थेंब आला आणि काचेचं रबर का फ्लॅशिंग हे ठरत नसेल, तर सगळं पुसून कोरडं करा, काच आणि फ्रेमच्या जोडावर पूर्ण चौकोनात प्लास्टिकची चिकटपट्टी लावा आणि त्याच जागी पुन्हा पाणी सोडा. थेंब थांबला तर दोष काचेच्या कडेचा. तरीही येतोय तर तो फ्रेमच्या बाहेरच्या बाजूचा, फ्लॅशिंगचा.

सपाट स्लॅबवर पाईपबरोबर पाणी साठवून बघायची टेस्टही करतात. आउटलेट बंद करून कट्ट्याभोवती, म्हणजे फ्रेम ज्यावर बसते त्या बांधलेल्या उंचवट्याभोवती, २५ मिमी पाणी २४ तास ठेवायचं. फक्त एवढं लक्षात घ्या की २५ मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो वजन, त्यामुळे सळया दिसणाऱ्या, भेगाळलेल्या जुन्या स्लॅबवर हे करू नका.

काचेच्या कडेची दुरुस्ती

जुनं सगळं काढायचं. जुन्या सिलिकॉनवर दुसरं सीलंट धड चिकटत नाही, त्यामुळे कटर आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन शेवटचा चिवट थर निघेपर्यंत खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. या कामाचा बहुतेक वेळ यातच जायला हवा.

रबर बाजारात त्याच मापाचं मिळत असेल तर रबरच बदला, कोपऱ्यात ताणून बसवू नका, थोडं जास्त लांब कापून दाबून बसवा, कारण ताणलेलं रबर पुढे आकसून नेमकी कोपऱ्यातच फट सोडतं. सीलंटच लावायचं असेल तर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, त्यातल्या ॲसिडने जस्ताचा पत्रा गंजतो, काँक्रीटवर ते नीट धरत नाही आणि डबल किंवा लॅमिनेटेड काचेच्या कडेच्या थरालाही त्याने अपाय होऊ शकतो. ट्यूबवरची एक्सपायरी बघा. फट रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून घाला म्हणजे सिलिकॉन फटीच्या दोन्ही भिंतींना धरेल आणि तळाला चिकटणार नाही, तळालाही चिकटलं की काच-फ्रेम हलल्यावर ते मधूनच फाटतं. सिलिकॉनच्या थराची जाडी फटीच्या रुंदीच्या साधारण निम्मी ठेवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, एका दमात एक बाजू, बोटाने किंवा चमच्याने दाबून उतार द्यायचा म्हणजे पाणी थांबणार नाही, आणि वाळायच्या आत टेप काढायची. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जातं, २४ तासांत साधारण २-३ मिमी, तेव्हा दुसऱ्या दिवशी वरून कडक लागलं म्हणून लगेच टेस्ट करू नका. आणि खालच्या कडेची ती भोकं मोकळी ठेवा.

फ्लॅशिंगची दुरुस्ती

बारीक भोक असेल, बाकी पत्रा धड असेल तर त्याच धातूचा तुकडा सीलंटच्या बिछान्यावर बसवून किंवा ब्युटाईल टेपने (चिकट रबरी पट्टी) तेवढं झाकता येतं आणि काही वर्षं निघतात. पण क्रमच उलटा असेल, पत्रा सडला असेल, मुळात फ्लॅशिंगच नसेल आणि नुसतं सिमेंट थापलेलं असेल, तर कौलं उचलून नव्याने करण्याला पर्याय नाही.

आजूबाजूची कौलं काढा, नंबर टाकून ठेवा, फोटो काढा. चौकटीभोवती वॉटरप्रूफ मेम्ब्रेनच्या पट्ट्या चौकटीवर चढवून घ्या, इथेही खाल, बाजू, वर हाच क्रम. मग खालचा पत्रा, जो खालच्या कौलांच्या वर पसरेल. मग बाजू. चपटी कौलं असतील तर प्रत्येक रांगेला एक इंग्रजी एल आकाराचा तुकडा, एक कौल एक तुकडा असं विणत वर जायचं, प्रत्येक तुकडा खालच्यावर निदान ५० मिमी चढलेला, जास्त चढवला तर आणखी बरं. नळीदार उंच कौलं असतील तर तुकड्यांऐवजी बाजूने लांब पन्हाळीसारखा पत्रा लागतो, त्याची बाहेरची कड वर दुमडलेली. पत्रा छताला ठोका नाहीतर चौकटीला, दोन्हीकडे ठोकू नका, ऊन-पावसात छत आणि चौकट वेगवेगळी हलतात आणि मधला पत्रा फाटतो. शेवटी वरचा पत्रा, वरच्या कौलांखाली निदान १५० मिमी आत गेलेला. चौकटीवर पत्रा १०० मिमी तरी चढायला हवा. स्कायलाईट पाऊण मीटरपेक्षा रुंद असेल तर वरच्या बाजूला मागे पाणी दोन्हीकडे वळवणारा छोटा दुहेरी उतार करून घ्या, नाहीतर तिथे पाणी आणि पाला साठतच राहणार.

धातूंची सरमिसळ टाळा. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना लागून ओले राहिले तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि ओल्या सिमेंटमध्ये थेट गाडलेलं ॲल्युमिनियमही सडतं, मधे बिटुमेनचा किंवा तसला थर हवा.

सपाट स्लॅबवरचं स्कायलाईट

इथे दोष बहुधा काचेत नसतो, कट्ट्यात असतो. स्लॅब आधी पडलेला आणि कट्टा नंतर बांधलेला, त्या दोघांचा जोड हीच सगळ्यात कच्ची जागा. त्यात कट्टा बुटका असेल तर विचारायलाच नको, तयार फरशीपासून १५० मिमी उंची तरी हवी, नाहीतर आउटलेट तुंबलं की पाणी सरळ फ्रेमखालून आत.

सुटलेलं प्लास्टर आणि जुनं कोटिंग घट्ट थर लागेपर्यंत काढा. जोडाची भेग व्ही आकारात साधारण १० मिमी उघडा, धूळ ब्रशने आणि हवेने काढा, पॉलिमर मॉर्टरने किंवा हलणारी भेग असेल तर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटने भरा. कोपऱ्यात ४०-५० मिमीचा वाटा (कोपरा गोलसर करणारा मसाल्याचा थर) मारून घ्या, कारण काटकोनात कुठलंही कोटिंग पातळ पडतं आणि तिथेच तडकतं. मग प्रायमर आणि मेम्ब्रेन कोटिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडवा, कोपऱ्यात फायबरची जाळी मधे दाबून. कोटिंग स्लॅबवर निदान ३० सेंमी बाहेर आणि कट्ट्यावर पूर्ण उंची चढवून माथ्यापर्यंत न्या, जमलं तर फ्रेम उचलून माथ्यावरूनही. फ्रेमची कड कट्ट्याच्या बाहेर आलेली हवी आणि तिच्या खाली खाच हवी म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल, उलटं आत ओढलं जाणार नाही.

माल घेताना एक गोष्ट बघाच. सिमेंटवालं कोटिंग ओलसर पृष्ठभागावर लावायचं असतं, पीयू कोटिंगला पृष्ठभाग सुका लागतो. ओल्या स्लॅबवर पीयू मारलं की काही दिवसांत फोड येतात. सुकलंय का बघायला साधारण ४५ सेंमीचा चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि १६ तास ठेवा, खाली दव धरलं किंवा काँक्रीट काळपटलं तर अजून थांबा.

पॉलीकार्बोनेट शीट असेल तर

गळती जवळजवळ नेहमी स्क्रूपाशी किंवा जोडपट्टीपाशी. पॉलीकार्बोनेट उन्हात काचेच्या सातेक पट आणि ॲल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. ३ मीटरची शीट ४० अंशांच्या फरकात साधारण ८ मिमी लांब होते, आणि स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच असेल तर ती कुठे जाणार, भोकापाशी तडकते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा ३-४ मिमी मोठं पाडायचं आणि त्यावर रुंद ईपीडीएम रबराचा वॉशर. स्क्रू आवळताना रबर जेमतेम दबलं की थांबा, बाहेर चेपून पसरलं म्हणजे जास्त झालं. पोकळ थरांच्या शीटच्या नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात, वरचं टोक ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद, खालचं टोक हवा जाणाऱ्या टेपने, म्हणजे आतलं दव निघून जाईल. यूव्ही थराची बाजू वर. सीलंट घेताना त्यावर पॉलीकार्बोनेटला चालतं असं लिहिलेलं हवं, आणि डांबर तर लांबच ठेवा. शीट पिवळी पडून कडकड वाजायला लागली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका, बदला.

लगेच दुरुस्ती जमत नसेल तर

ताडपत्री टाका, पण तिची वरची कड स्कायलाईटच्या जरा वर संपवू नका, पाणी तिच्याखालूनच शिरेल. ती आढ्याच्या पलीकडे न्या किंवा वरच्या कौलांच्या रांगेखाली सरकवा, दोऱ्यांनी आणि वाळूच्या पिशव्यांनी दाबा, खिळे ठोकून नवीन भोकं पाडू नका.

सगळंच बदलायचं कधी

फ्रेम वाकलीये, चौकट कुजलीये, डबल काच धुरकटलीये आणि फ्लॅशिंगही गेलंय, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर माझं मत बदलण्याकडेच झुकतं. स्कायलाईट वीसेक वर्षांचं असेल आणि छताचं काम निघालंच असेल तर त्याच वेळी बदला, कारण कौलं आणि फ्लॅशिंग दोनदा उचलण्यात नुसता खर्च नाही, दरवेळी आजूबाजूची धड कौलंही फुटतात. नवीन घेताना त्याच कंपनीचा, तुमच्या छताच्या प्रकाराचा तयार फ्लॅशिंग संच मिळतो का हे आधी विचारा, काच नंतर निवडा.

काम झालं की सीलंट पूर्ण वाळू द्या आणि पाईपची तीच टेस्ट त्याच क्रमाने पुन्हा करा, आतलं सीलिंग उघडं असतानाच. ओलं झालेलं इन्सुलेशन काढून टाका, ते वाळत नाही आणि बुरशी धरतं. लाकडातली ओल १६-१७ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत पंखा लावून थांबा, मग सीलिंग बंद करा. डागावर थेट रंग मारला तर पिवळी रेघ पुन्हा वर उमटते, म्हणून आधी डाग झाकणारा प्रायमर, तो सुकला की मग रंगाचे दोन हात.